चेंबरपुढची तीन मिनिटं

लोक मला खडूस म्हणतात, ते कमीच आहे. बेळगावच्या एका कारखान्यात ऑसिलेटरच्या चाचणीचं खातं माझ्याकडे होतं, तेव्हाची ही गोष्ट.

ऑसिलेटरमधल्या क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज दिली की तो ठरलेल्या गतीनं कंप पावतो, आणि यंत्रं त्याच्या भरवशावर वेळ मोजतात. पण उन्हा-थंडीत ही गती किंचित सरकते. त्यात प्रत्येक खड्याची खोड निराळी. म्हणून एकेकाला हवा गार-गरम करणाऱ्या चेंबरमध्ये घालून शून्याखालून सत्तर अंशांपर्यंत तापवत न्यायचं, कुठं किती चुकतो ते टिपायचं आणि तेवढी दुरुस्ती त्याच्या चिपमध्ये भरायची.

चेंबरवर येळ्ळूरची एक बाई होती. माहेर निपाणीचं, लग्नाआधी विड्या वळायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. नोकरी कंत्राटी. त्या वर्षी ती कायम होणार होती आणि तिचा सगळा जीव त्यात अडकला होता.

पडद्यावर ठरलेले अंश दिसले तरी आक्का आकडा टिपत नसे. दहा-दहा मिनिटं नुसती बसून राही. एकदा मी डाफरलोच.

"सर, विडीचं पान भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवतोय न्हवं? वरनं वल्लं दिसलं म्हणून कातरी लावली तर चिरतंय. ह्येबी तसंच. हवा तापली, आतला खडा अजून तापला न्हाय."

ती बरोबर होती. मला ते ठाऊक होतं. पण महिनाअखेरीला माल पाठवायचा होता, आणि विड्या वळणाऱ्या बाईनं मला माझंच काम शिकवावं हे काही केल्या पचेना. डिप्लोमा माझा होता की तिचा?

"आक्का, हितं तंबाखू न्हाय," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "तीन मिनिटं. जमत नसंल तर कायम व्हायचं इसरा."

बाकीच्या बायका हसल्या. मला बरं वाटलं. आक्का त्या दिवसापासून तीन मिनिटांत आकडे टिपू लागली.

माल गेला आणि परत आला. दुपारच्या उन्हात गती सरकत होती. मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि तिला कन्नडमध्ये विचारलं, किती वेळ थांबायचीस?

"तीन मिनिटं," ती कन्नडमध्येच म्हणाली. "सरांनी सांगितलं होतं."

मी फाईल घेऊनच गेलो होतो. त्यात कामाच्या सूचनांचा इंग्रजी कागद होता. प्रत्येक तापमानाला दहा मिनिटं थांबावं, असं त्यावर छापलेलं, आणि खाली आक्काची सही. ती कामाला लागली त्या दिवशी मीच घेतलेली. तिला मराठी-कन्नड वाचता येतं, इंग्रजी नाही, हेही मला माहीत होतं. मी कागद साहेबांपुढं सरकवला. त्यांनी वाचला, सही पाहिली आणि तिला घरी जायला सांगितलं. लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा सुटलो असंच वाटलं.

फाटकापाशी मी तिचं ओळखपत्र घ्यायला गेलो. वाटलं होतं, आता शिव्या घालणार.

"सर, त्या कागदात धा मिनिटंच लिवलंय व्हय?"

"व्हय."

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे माझं बरोबर हुतं की!"

नोकरी गेलेल्या बाईला इतका आनंद व्हावा, याची मला भयंकर चीड आली.

"कार्ड द्या," मी म्हणालो. तिनं ते गळ्यातून काढून माझ्या हातात ठेवलं, हसत हसतच.