असुरमामी

असुरमामींच्या गोष्टींत देव कधी कामाला येत नसत. काम राक्षसच करायचे. "चांगल्यांना हात मळवायचे नसतात," मामी म्हणायच्या, "म्हणून वाईटाला बोलावतात आणि मागाहून त्यालाच शिव्या देतात." त्यांचं तंजावरकडचं जुनं मराठी, त्यात निम्मं तमिळ. असुरमामी हे नाव मी ठेवलं. त्यांना ते आवडलं.

दोन हजार पाचच्या सुमाराला तमिळ मुलखात, अड्यारला आम्ही समोरासमोर राहायचो, दोघी आपापल्या मुलाकडे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांचा मुलगा शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होता. मामी एकदा भाजीला गेल्या आणि घर विसरल्या. तेव्हापासून तो जाताना बाहेरून ग्रिलला कुलूप लावायचा. जादा किल्ली माझ्याकडे. "आजी, आग लागली तरच उघडा." पोरगा वाईट नव्हता.

दुपारी मी दारात स्टूल टाकून पालेभाजी निवडायची आणि मामी ग्रिलआडून गोष्ट सांगायच्या. सगळ्या स्वतः रचलेल्या. काळ्या किल्ल्याची एक तीन महिने चालली. राजाने आईला जपायचं म्हणून कोंडलंय. माणसांच्या सावल्या खाणारा एक राक्षस रोज दाराचा एक खिळा चावून काढतो. दर खिळ्यामागे त्याचा एक दात पडतो.

"प्रधान चांगला, सेनापती चांगला. पण सगळ्यांना राजाचं पटलेलं."

"माझ्याकडे बघून सांगू नका."

"मग कुठे बघू? समोर तुम्हीच."

गोष्ट कुणाची ते मला कळत होतं. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते.

नवरात्र जवळ आलं. तिकडे घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्यांचा कोलू करतात आणि दर वर्षी एक तरी नवी बाहुली आणावीच लागते. लग्न झाल्यापासून मामींनी एक वर्ष चुकवलं नव्हतं. यंदा मुलगा म्हणाला, "पुरे अम्मा, कोलू नको." चार दिवस मामींनी गोष्टच सांगितली नाही. एकच धोशा. "कोपऱ्यावर फुटपाथला विकतात. एक घेते आणि येते."

पाचव्या दिवशी मी कुलूप काढलं. माझे गुडघे जिना उतरत नव्हते, सोबत जाता आलं नाही.

"अर्ध्या तासात या."

"सरि, सरि."

संध्याकाळी रिक्षावाल्याने पर्समधला पत्ता वाचून त्यांना आणून सोडलं. पायात चप्पल नाही, अंगठा फुटलेला, पदरात शिंगवाला मातीचा राक्षस. मामींचा मुलगा जिन्यात बसून रडत होता.

"कोणी उघडलं?"

"असुराने," मामी म्हणाल्या.

त्याने माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली.

माझा मुलगा सगळं बघत होता. दुसऱ्या दिवसापासून तोही ऑफिसला जाताना आमच्या ग्रिलला बाहेरून कुलूप घालू लागला. मी भांडले, जेवले नाही. काही उपयोग झाला नाही.

महिन्याभराने मामींना बंगळुरूला मुलीकडे हलवलं. निघाल्या तेव्हा मी आत उभी होते.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"समोरची."

त्यांनी आमचं कुलूप धरून दोनदा हिसडलं. मग मुलाकडे वळल्या. "यांना उघड की रे."

"अम्मा, टॅक्सी थांबलीय," तो म्हणाला.