दाजींची सहाशे नव्वदची मोटर

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मालक, कित्येक वर्षांपासून 'भावी' आहेत. भावी सरपंच, भावी सदस्य, भावी सभापती. फ्लेक्सवर हा शब्द इतक्यांदा छापलाय की रेणापूरकडची शाळेची पोरं त्यांचं आडनावच भावी समजतात.

ताईनं बचत गटाच्या बायकांसाठी डाळ भरडायची गिरणी घातली, तेव्हा मोटर आणायचं काम गटाच्या दुर्दैवानं दाजींकडं गेलं. त्यांनी नांदेडच्या भंगार बाजारातून कुठल्याशा बंद कारखान्याची मोटर आणली. टेम्पो थांबायच्या आधीच ओरडले, "पाव्हणं, साऱ्या गावाच्या मोटरी चारशेच्या. आपली सहाशे नव्वदची!"

"दाजी, ते व्होल्टेज हाय. ताकद न्हाई."

"जास्त ते जास्तच असतंय की!"

पूजा झाली. मोटरवर माहिती कोरलेली जी पाटी असते, तिच्यावर दाजींनी ऑईलपेंटनं भलं मोठं स्वस्तिक काढलं. सहाशे नव्वदचा आकडा तेवढा मोकळा सोडून त्याला कुंकवाचं कडं केलं.

बटण दाबलं. रिकामी मोटर अशी फिरली की दाजींची टोपी मी धरली म्हणून, नाहीतर ती थेट इस्लापूरच्या धबधब्यात पडली असती. पण वरून तूर सोडली मात्र, मोटर हंबरली, कण्हली आणि जेवण झालेल्या साहेबासारखी बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा बसली.

ताई आभाळाकडं बघत होती. बायकांनी तेल-पाणी लावून वाळवलेली तूर गच्चीवर खडखडीत पडली होती. ढग भरून येत होते. तुरीला ओल लागली की साल परत दाण्याला चिकटणार आणि साऱ्या गटाची मेहनत मातीत.

"व्होल्टेज कमी!" दाजींनी निकाल दिला. आमच्याकडं माणसाचा गुडघा दुखला तरी आधी व्होल्टेजला शिव्या बसतात. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सबस्टेशनवर मोर्चा निघाला तेव्हा माणसं मावेनात.

"सहाशे नव्वद व्होल्ट, मिळालेच पाहिजे!"

इंजिनिअर मॅडम हातात जेवणाचा डबा घेऊनच बाहेर आल्या. "काका, एवढं सोडलं तर गावातले सगळे पंखे जळतील."

"जळू द्या! आमचा हक्क हाय!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात ताईनं मला फोटो पाठवला. वैतागून तिनं खुरप्यानं स्वस्तिक खरवडलं होतं आणि खाली आणखी एक आकडा निघाला होता, चारशे. मी फोटो मॅडमना दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, मोर्चा पाहिला आणि हसता हसता त्यांना ठेच्याचा ठसका लागला.

"अहो, ही मोटर दोन तऱ्हेनं जोडता येते. स्टारमध्ये सहाशे नव्वद, डेल्टामध्ये चारशे. तुम्ही स्टारमध्ये जोडून चारशे देताय, मग ती उपाशीच राहणार. मोटरवरच्या डब्यातल्या पितळी पट्ट्या आडव्या असतील, त्या उभ्या करायच्या. लाईनमनला घेऊन जा."

"कुठंय तो?"

"तुमच्याच लोकांनी आत कोंडलाय."

मी लाईनमनला मागच्या दारानं काढलं आणि गाडीवर घातलं. दाजींचं भाषण चालूच होतं. लाईनमननं मेन बंद करून पट्ट्या उभ्या केल्या. ताईनं तूर सोडली. मोटर कण्हली नाही. पिवळीधमक डाळ अशी धो धो पडू लागली की बायकांना पोती पुरेनात.

दुपारी दाजी गळ्यात हार घालून आले. गिरणीचा आवाज ऐकून दारातच थांबले. "बघितलं? निवेदन दिलं अन् व्होल्टेज आलं!"

"दाजी, त्या पट्ट्या..."

"पाव्हणं, तुम्हाला राजकारणातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'संघर्षाला यश! अखेर सहाशे नव्वद व्होल्ट मंजूर!' खाली हात जोडलेले, पुरुषभर उंचीचे दाजी. संध्याकाळी आभाळ फाटलं, तेव्हा भरलेली पोती अंगणातच होती. ताईनं चौकातून फ्लेक्स ओढून आणला आणि पोत्यांवर पालथा घातला.

दाजी दारातून कळवळले, "अगं, तोंड तरी वर ठेवायचं!"

"तोंड खालीच राहू द्या," ताई कडेला दगड ठेवत म्हणाली. "पहिल्यांदाच गावाच्या कामाला आलाव."