कबूतरकाकांचा खोकला

कबूतरकाका बोलायचे आपल्याशी, पण डोळे असायचे आभाळात. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागून मी पुण्याहून हैदराबादला आले आणि बरकतपुऱ्यात त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी किल्ली हातात देता देता ते जिन्याकडे पळाले. "घार आली बा!" एवढंच ऐकू आलं.

निवांत बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळी गच्चीवरची कबुतरांची ढाबळ झाडायची, संध्याकाळी कबुतरं उडवायची आणि ती उतरेपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. "उडायला पंख लागतात, परतायला कलेजा लागतो," असं ते म्हणत.

पण सकाळी ढाबळ झाडली की संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरे, कोरडा खोकला उठे. दम्याची औषधं देऊन काकू थकल्या. एकदा भाचीच्या लग्नाला ते नांदेडला जाऊन राहिले, तर खोकला गायब! परतून ढाबळ झाडली, त्याच संध्याकाळी धाप. काकूंनी हे सांगितलं तेव्हा कुठे डॉक्टरांना उलगडा झाला. पिसांचा, विष्ठेचा बारीक धुरळा श्वासातून आत जातो, शरीर त्याच्याशी लढायला उठतं आणि त्या लढाईत फुप्फुसंच सुजतात. कबुतरं काढावीच लागतील, असं ते म्हणाले.

"कबुतरं गेल्यावर श्वास घेऊन करू काय?" काका ताडकन उठले.

काकूंनी हात धरून बसवलं. "माझ्यासाठी घ्या."

जुन्या शहरातले एक मित्र पिंजऱ्यांतून कबुतरं घेऊन गेले. तिथे उडवताच ती परत आली. शिकवलं काकांनीच होतं! बंद ढाबळीवर बसून घुमत राहिली. काका खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होते. शेवटी तोंडाला रुमाल बांधून गच्चीत गेले, खडा उचलला आणि मान फिरवून भिरकावला. तो शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या डिश अँटेनावर ठण्णकन आदळला.

"कुणाला लागला तर नाही ना?" माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं.

हळूहळू कबुतरं यायची थांबली. ताप गेला. धाप उतरली, पण जिना चढताना थोडी राहिलीच. पुढे घर बिल्डरला देऊन दोघं विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये गेली. मी भेटायला गेले. म्हटलं, "काका, तब्येत छान दिसते आता."

"हौ, छान है," ते म्हणाले. "पण संध्याकाळ लई लांब झाली गं पोरी."