अंकुशदादाची दिवसाची झोप

झोपेत गेला म्हणून माझ्या भावाला नशीबवान म्हणू नका. किळस येते ऐकून.

अंकुशदादा माझा चुलत भाऊ. जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कंपनीत भट्टीवर होता. कायम नाईट.

सकाळी केदारखेड्याला परत यायचा, आंघोळ करून दोन घास खायचा आणि आडवा व्हायचा.

आमच्या गावात दिवसा घरी असलेला माणूस रिकामाच समजतात.

मोटर जळाली? अंकुशला उठवा.
पाहुण्यांना भोकरदनच्या स्टँडवर सोडायचंय? अंकुश घरीच आहे ना.

वहिनी दारात आडवी उभी राहायची. "हळू बोला. त्यांना नाईट हाय."

"दिवसाढवळ्या झोपायला तो काय बाळंतीण हाय का?" म्हणत सगळे दात काढायचे.

आणि दादा ओशाळून उठायचा. डोळे लालभडक. तोंडावर पाणी मारायचा नि म्हणायचा, "चला."

उन्हाळ्यात छातीत दुखलं. डॉक्टरांनी ईसीजी काढून स्पष्ट सांगितलं, रात्री जागरण आणि दिवसाही झोप नाही, मग बीपी उतरणार कसं? हार्टवर लोड येतोय. नाईट बंद करा.

दादाने सुपरवायझरला सांगितलं.

तो म्हणाला, "मंग भट्टी काय डॉक्टर चालवणार का?"

हा जोक म्हणे आख्ख्या कंपनीत फिरला.

त्या सकाळी ड्यूटीवरून आला तेव्हा वहिनीला एवढंच म्हणाला, "पित्त झाल्यावानी वाटून राह्यलं. जरा पडतो."

नेमकं त्या दिवशी कुणाचंच काम निघालं नाही. वहिनी खूश होती, आज पोटभर झोप होतेय म्हणून.

दुपारी ती जेवायला उठवायला गेली.

काल दहावा झाला. उठवणारे सगळे हजर होते, पांढऱ्या टोप्या घालून. "दगदग लई करायचा बिचारा," हेसुद्धा त्यांनीच म्हणायचं.

सुपरवायझरही आला होता. चहा पिऊन झाला आणि माझ्या धाकट्या भावाला मोठ्या आवाजात विचारतो, "तू काय करून राह्यला सध्या? नाईटला माणूस कमी पडतोय."

शी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनी बोलली. रोजच्यासारखंच, सवयीने.

"हळू बोला. त्यांना नाईट हाय."



झोप दादा. दारात मी बसलोय.