दोन एके चूक

पन्नाशी ओलांडलेल्या बाईने फावल्या वेळात काय करावं, याबद्दल आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत प्रत्येकीचं मत ठरलेलं आहे. योगा, भजन, फार तर केक. मी पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, शिकायला घेतलं तेव्हा शेजारणीने आधी ते काय असतं हे विचारलं आणि मग डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर सुचवले. मला कुणी ‘कशाला?’ म्हटलं की मी ते काम दुप्पट जोराने करते.

लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत मी लिहिलेला प्रश्न पहिल्यांदा उमटला, खाली कर्सर लुकलुकत थांबला, मी नाव टाइप केलं आणि खिडकीने मला नावाने नमस्कार केला. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भात करपला. मला त्याचं काही वाटलं नाही. यंत्र माझं ऐकून घेतं आणि वर उत्तरही देतं, एवढ्यानेच मी हुरळून गेले होते.

त्याच सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि हॉस्पिटलमधून मी त्यांना माझ्याकडेच आणलं. उजवा हात जड, जीभही जड. तळवलीला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माल आणणं-देणं भाऊ बघतो, पण गल्ल्यावर बाबाच. कॅल्क्युलेटर त्यांना डोळ्यांसमोर चालत नाही. पावकी-निमकीसकट सगळे पाढे तोंडपाठ, आणि दुसऱ्याचे तपासायची खोड. मला बघायला आलेल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी पोह्यांची बशी हातात देत विचारलं होतं, “सतरा नव्वे किती?” त्या बिचाऱ्याने बशी खाली ठेवून हवेत बोटाने गुणाकार मांडला. बाबांनी होकार दिला, पण तो किस्सा गावभर सांगितला.

भावाने फोनवर सरळच विचारलं, “ताई, बोलनं येईल हलूहलू, त्याचं टेन्शन नाय. पन डोक्यातला हिशोब गेला असंल तर त्यांना गल्ल्यावर कसं बसवू?”

मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. बाबांच्या तोंडून जेमतेम एखादा शब्द निघायचा, तोही ओढून. हिशोब शिल्लक आहे की नाही हे कळणार कसं? मग एकदम सुचलं: मी पाढे विचारणारा प्रोग्राम करते! बाबांना बोलायची गरजच नाही, डाव्या हाताच्या एका बोटाने उत्तर दाबलं की झालं.

दोन दिवस मला दुसरं काही दिसत नव्हतं. पहिलीच अडचण अशी, की मी बरोबर उत्तर दिलं तरी यंत्र ‘चूक’ म्हणायचं. शिकाऊंच्या ग्रुपवर विचारलं तेव्हा कळलं, की आपण काहीही टाइप केलं तरी पायथनच्या लेखी ती नुसती अक्षरं असतात, आकडा नव्हे. मग मी प्रोग्रामने काढलेलं उत्तरही अक्षरांत बदलून घेतलं. अक्षराशी अक्षर जुळलं, काम फत्ते. वर एक चैन केली. एंटर दाबताच आधीचं सगळं पुसून जावं आणि कोऱ्या स्क्रीनवर एकच शब्द यावा, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’. ती पुसायची ओळ सापडली तेव्हा मी नवऱ्याला आंघोळीतून हाका मारून बोलावलं होतं.

सगळं तपासून झाल्यावर शेवटी मी कीबोर्ड मराठीवर नेला, ‘शाब्बास बाबा’ एवढी ओळ घातली आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

दोन एके? बाबांनी बोटाने बटण दाबलं, मी एंटर मारला. चूक.

तीन दुणे? चूक. पाच पंचे? चूक. मी स्क्रीनकडे कमी आणि त्यांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. नवरा हळूच उठून स्वयंपाकघरात गेला. बाबांनी मात्र लॅपटॉप बाजूला सारला आणि माझ्या नाकासमोर दोन बोटं नाचवली. पुन्हा स्क्रीनकडे हात, पुन्हा दोन बोटं.

दोन एके दोन. हा माणूस तर बरोबर सांगतोय! मग यंत्राला काय दिसलं?

ते बघायला मी माझी लाडकी पुसायची ओळ काढून टाकली आणि पुन्हा सुरू केलं. बाबांनी तेच बटण दाबलं. या वेळी उत्तर स्क्रीनवरच राहिलं: २. मराठी दोन! ‘शाब्बास’ लिहून मी कीबोर्ड मराठीवरच ठेवला होता, आणि माझा प्रोग्राम इंग्रजी दोनाची वाट बघत होता. अक्षराला अक्षर जुळणार कसं?

मला नाचावंसं वाटत होतं. आता दहाही अंक एकेक करून बदलावे लागणार म्हणून बसले, पण आधी सहज बाबांच्या उत्तराला आकड्यात बदलायची साधी आज्ञा घालून पाहिली. पायथनला मराठी अंक येतात! न शिकवता येतात! २ घ्या नाहीतर 2, त्याच्या हिशोबी दोन म्हणजे दोन.

मग बाबा सुटले. बाराचा, सोळाचा, एकोणतीसचा. बरोबर, बरोबर, बरोबर. त्यांचं बोट इतकं घाईत, की एंटर मारताना माझी धांदल उडाली. शेवटी ‘शाब्बास बाबा’ उमटलं. त्यांनी ते वाचलं आणि सावकाश, एकेक शब्द ओढत म्हणाले, “तुजा मशीन... येरा हाय.” आमच्या गावात वेड्याला येरा म्हणतात. झटक्यानंतर एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते, आणि मी लॅपटॉपवरच रडले.

मी तसाच भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “नक्की ना, ताई?”

बाबांनी फोन स्वतःकडे ओढला. “सतरा... नव्वे?”

पलीकडून दुकानातल्या कॅल्क्युलेटरची टिकटिक ऐकू आली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझा नवरा ओरडला, “एकशे त्रेपन्न!”

बाबा अर्ध्या तोंडाने हसले. मग फोनवर वाकून म्हणाले, “खुर्ची... रिकामी ठेव.”