जिज्जींच्या चौकशा

वसुंधरा लघाटे यांना झाशीच्या नगरा मोहल्ल्यात सगळे जिज्जी, म्हणजे थोरली बहीण, म्हणत, आणि पाठीमागे आणखीही काहीबाही म्हणत. कुणाकडे पाहुणे आले, किती दिवस राहिले, कुणाची सून माहेरी का गेली, हे कळल्याशिवाय या बाईंना अन्न गोड लागत नसे. टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या आणि चौकशांना अख्खा दिवस मोकळा मिळाला. त्याच सुमारास क्षयरोगी शोधायला एका संस्थेला वस्तीतलीच माणसं हवी होती. त्यांनी जिज्जींना धरलं. भोचकपणाला अखेर कामधंदा मिळाला!

दारोदार जायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्याला डबी द्यायची. सकाळी छातीतून काढलेला बेडका तीत घ्यायला सांगायचा आणि डबी तपासणीला पोचवायची.

कमलिनीबाईंची सून जानकी पाच आठवडे खोकत होती. ते जिज्जींनी रस्त्यावरूनच ऐकलं होतं. डबी दिली, तपासणी झाली, निकाल आला: जंतू नाहीत.

"मी म्हणतच होते," कमलिनीबाई म्हणाल्या. "भांड्यांचा ढीग पडला की हिला खोकला येतो. नाटकं नुसती!"

जानकी खाली मान घालून पोळ्या लाटत राहिली. तिचे खांदे किती वाळले होते ते जिज्जींना दिसलं आणि त्यांना कमलिनीबाईंचा भयंकर राग आला.

पण रागापेक्षा कुतूहल मोठं. निकाल खोटा वाटत नव्हता, आणि जानकीचा खोकलाही खोटा वाटत नव्हता. मग दोन्ही खरं कसं? हा किडा एकदा डोक्यात शिरला तो काही जिज्जींना स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या दिवशी कमलिनीबाई देवळात गेलेल्या पाहून त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

"जानकी, डबी भरून दिलीस त्या दिवशी उठल्यापासून काय काय केलंस, ते सांग. काही गाळू नकोस."

"उठले. मंजन केलं. मग आंघोळ."

"उठल्यावर खोकला नाही आला?"

"आला की, खूप. ते सगळं मोरीत गेलं."

"अगं, मग डबीत काय दिलंस?"

"आंघोळ झाली, मिठाच्या पाण्यानं चूळ भरली, पूजा झाली. मग साफ तोंडानं थुंकले. आईंचा नियम आहे ना, आंघोळीआधी घरातून कुणाला काही द्यायचं नाही. आणि मावशी, दवाखान्यातले लोग क्या कहते? पंडितों के घर से इतना गंदा?"

जिज्जींनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसूच फुटलं. चूक आपलीही आहे, हे त्यांना कळलं. आपण नुसतं 'सकाळी' म्हणालो. या घरात सकाळ आंघोळीनंतर सुरू होते. आपल्या माहेरीही तसंच होतं, तरी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या नवी डबी घेऊन अंगणात हजर झाल्या. कमलिनीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पारोशी आहे ती अजून!"

"म्हणूनच आले, वहिनी. विटाळ होत असेल तर तो माझ्या माथी."

पोटापासून श्वास कसा घ्यायचा, मग कसं खोकायचं, ते जिज्जींनी करून दाखवलं. त्यांचा अवतार पाहून जानकी हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची मोठी उबळ आली. या वेळी डबीत जे हवं ते पडलं.

निकाल आला तसा जिज्जी तो घेऊन गेल्या. कमलिनीबाई भाजी निवडत होत्या, जानकी शेजारीच बसली होती. "टीबी निघाला," जिज्जींनी सांगून टाकलं. "घाबरू नकोस. औषध फुकट आहे. सहा महिने न चुकता घेतलंस की बरी होशील." पोरगी आता रडणार, म्हणून त्यांनी पदर पुढे केला.

जानकी रडली नाही. तिनं एक मोठा श्वास सोडला.

"मावशी, तो कागद आईंना वाचून दाखवा ना," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."

जिज्जींनी तो दोनदा वाचला.