थोरल्या महालक्ष्मीचा हार

तो हार मीच आणला होता, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी मध्ये तोंड घालणार नाही. माझ्या सासरी, मावल्याला, महालक्ष्म्या बसत नाहीत. म्हणून दरवर्षी मी भीमपूरकडच्या माहेरी जाते आणि देवीसाठी काहीतरी नेते. यंदा आदिलाबादच्या बाजारातून खोट्या सोन्याच्या मण्यांचा हार नेला. असा चमकायचा, की बसच्या कंडक्टरने डोळ्यांवर हात धरून माझं तिकीट फाडलं. घरी पोचल्यावर मी त्याची कीर्ती आणखी वाढवली. म्हटलं, सराफ गादीवरून उठून बसस्टँडपर्यंत मागे आला.

हार थोरल्या महालक्ष्मीच्या गळ्यात पडला. आमच्या घरची रीत अशी, की विसर्जनानंतर देवीच्या अंगावरचं लेणं घरातल्या सगळ्यात लहान मुलीला घालायचं आणि दसऱ्यापर्यंत काढायचं नाही. लहान मुलगी म्हणजे माझी सहा वर्षांची भाची. हाती लागेल ते तोंडात घालायची तिला खोड. हाराचं पदक ती दिवसभर लिमलेटच्या गोळीसारखं चोखायची.

चौथ्या दिवशी तिच्या गळ्याभोवती लाल पट्टा उठला. पदकाचा मुलामा जाऊन खालचं काळपट दिसायला लागलं होतं. गेलेला मुलामा कुठे गेला, हे सांगायला पंचांग लागत नव्हतं. वहिनीला घेऊन पोरीला आदिलाबादला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "असल्या स्वस्त दागिन्यात निकेल असतं, त्याने कातडी उठते. शिसंही असू शकतं. ते पोटात जात राहिलं तर लेकराच्या मेंदूवर परिणाम होतो. आधी हा काढा." रक्त घेतलं, तपासायला हैदराबादला पाठवलं. मी हाराला हात घातला तर वहिनीने माझा हात धरला. "घरी जाऊन काढू. आईंले न इचारता नको."

परतताना दुकानदाराला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "दीदी, ये तो देवी को पहनाने का है. बच्ची को पहनाने किसने बोला?" आणि समोरच्या बाईला, तिच्या कडेवरच्या मुलीच्या मापाचा हार दाखवायला लागला.

घरी मायला सगळं सांगितलं. मायने तूर निवडणं थांबवलं नाही.

"डाक्टरले देवीचं काय समजते? अन् तुह्यं कवा खरं असते? मागच्या साली तूच म्हने, पैनगंगेतून वाघ पोहत आला अन् शेजारनीचं लुगडं घेऊन गेला."

"ते वेगळं, माय. हे खरं हाय."

"वाघाच्या वक्तीबी असंच म्हने."

मग मी माझ्या खास पोतडीत हात घातला. म्हटलं, "माय, धाकटी महालक्ष्मी रुसली. हार थोरलीलेच आणला, तिले नाही. त्याचंच उठलं पोरीच्या गळ्यावर."

मायने सूप खाली ठेवलं, हात जोडले. "मंग आधी काऊन नाही सांगितलं? उद्या जाय अन् अस्साच दुसरा घेऊन ये. दोन्ही घालू पोरीच्या गळ्यात."

खरं सांगितलं तर एक निघेना, खोटं सांगितलं तर दोन झाले. मी कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात वहिनीने, मायला शब्दाने उलटून न बोलणाऱ्या माझ्या वहिनीने, शिलाई मशीनवरची कात्री आणून माझ्या हातात दिली आणि पोरीला घट्ट धरलं. मी हार कापला. मणी घरभर उडाले, पोरीने सातनाल्याच्या धरणापर्यंत ऐकू जाईल असं भोकाड पसरलं, आणि माय भिंतीकडे तोंड करून बसली.

आज नऊ दिवस झाले. गळा निवळला. माय माझ्याशी बोलत नाही. वहिनी दिवसातून तीनदा झाडते, तरी खाटेखालून एखादा मणी निघतो, आणि तिच्याआधी पोरीला सापडतो. मी मावल्याहून रोज सकाळी वहिनीला फोन करून एकच विचारते, रक्ताचा निकाल आला का. ती हळूच म्हणते, नाही. मागून माय विचारते, "कोनाचा फोन हाय?" वहिनी सांगत नाही.